पॅरासिटामॉल आणि त्याचे मेटाबोलाइट: प्लाझ्मात मोजायचे कसे

नुसतं पॅरासिटामॉल मोजायचं असेल तर या लेखाची गरज नाही. रेणू लहान, वजन १५१.१६, प्लाझ्मात टिकाऊ, आणि एक ग्रॅमची गोळी घेतल्यावर रक्तात साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली इतकं भरघोस सापडणारं. साध्या एचपीएलसीवर (नमुन्यातले पदार्थ कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणारं यंत्र), अतिनील प्रकाशाचा यूव्ही डिटेक्टर २४५ नॅनोमीटरच्या आसपास लावला तरी छान पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, येतो. त्याचे मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात त्याच्यापासून बनणारे पदार्थ, हेही त्याच इंजेक्शनमध्ये हवे असं कुणी म्हटलं की खरी डोकेदुखी सुरू होते. मग लोक थेट एलसी-एमएस/एमएसकडे, म्हणजे कॉलमनंतर रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मशीनकडे, धावतात आणि म्हणतात, प्रत्येकाचं वस्तुमान वेगळं आहे, आता गोंधळ कसला? गोंधळ होतो. तो का होतो आणि मी तो कसा टाळते, हे या लेखात सांगते.

आधी कोण कोण मोजायचं ते ठरवून घ्या. नेहमीच्या डोसमधलं निम्म्याहून थोडं जास्त पॅरासिटामॉल यकृतात ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडलं जाऊन ग्लुकुरोनाइड होतं, पाव ते एक तृतीयांश सल्फेटशी जोडलं जाऊन सल्फेट होतं, आणि दोन ते पाच टक्के तसंच्या तसं लघवीतून जातं. उरलेलं, म्हणजे पाच-दहा टक्के, मुख्यतः सीवायपी २ई१ या एन्झाइमच्या हातून ऑक्सिडाइज होऊन एनएपीक्यूआय नावाचा विषारी पदार्थ बनतं. ग्लुटाथायोन हा पेशींतला संरक्षक रेणू त्याला पकडतो, आणि तो जोड पुढे तुटत तुटत सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेट या रूपांत रक्तात दिसतो. एनएपीक्यूआय स्वतः मोजायच्या फंदात पडू नका. तो इतका चटकन दुसऱ्याला चिकटतो की नळीत सुटा मिळतच नाही. ग्लुटाथायोनचा जोडही प्लाझ्मात फारसा हाती लागत नाही. तो बराचसा पित्तात जातो, आणि जो रक्तात येतो त्यालाही एन्झाइम कुरतडतात. त्यामुळे माझी यादी पाच जणांची आहे: पॅरासिटामॉल, ग्लुकुरोनाइड, सल्फेट, सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेट.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. कुणी गोळ्या जास्त घेतल्या आहेत आणि रुग्ण तातडीच्या विभागात आहे, तर ही पद्धत त्याच्यासाठी नाही. तिथे रुग्णालयातल्या ॲनालायझरवरची, रंग मोजणारी एन्झाइमची चाचणी हवी, जिचं उत्तर लवकर मिळतं. आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेला रुमॅक-मॅथ्यू आलेख (यकृताला इजेचा धोका दाखवणारा) बघायला पॅरासिटामॉलचा एकच आकडा आणि गोळ्या घेतल्याची वेळ पुरते. एकदाच घेतलेल्या मोठ्या डोसनंतर किमान चार तासांनी घेतलेलं रक्त असेल तरच तो आलेख लागू पडतो. फक्त रुग्णाला कावीळ असेल तर त्या रंगाच्या चाचण्यांवर डोळे झाकून विसंबू नका, कारण बिलिरुबिनमुळे काही किटमध्ये नसलेलं पॅरासिटामॉल दिसतं. मेटाबोलाइटचं मोजमाप असतं ते औषधाचा शरीरातला प्रवास समजून घ्यायला: लहान मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण, दुसऱ्या औषधाबरोबरची गुंतागुंत, यकृताचा अभ्यास.

स्टँडर्ड आणि वजनाचा हिशोब

स्टँडर्ड म्हणजे तुलनेसाठी घेतलेला, मात्रा माहीत असलेला शुद्ध पदार्थ. ग्लुकुरोनाइड बाजारात बहुधा सोडियम मीठ म्हणून येतं आणि सल्फेट पोटॅशियम मीठ म्हणून. बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय काट्याला हात लावू नका. सल्फेटचं वजन २३१.२, त्याच्या पोटॅशियम मिठाचं २६९.३. म्हणजे एक मिलिग्रॅम पावडर तोललीत तर त्यात सल्फेट ०.८६ मिलिग्रॅमच आहे. ग्लुकुरोनाइडचं तसंच: ३२७.३ भागिले ३४९.३, म्हणजे ०.९४. हा गुणक विसरलात तर पुढची सगळी बॅच सुंदर सरळ रेषेत येईल, क्यूसी (पद्धत तपासायचे, मात्रा माहीत असलेले नमुने) पास होतील, कारण तेही त्याच बाटलीतून केलेले असतील, आणि सल्फेटचा प्रत्येक आकडा १६ टक्क्यांनी जास्त छापला जाईल. म्हणूनच कॅलिब्रेशनचं (मोजमापाची रेषा आखायच्या स्टँडर्डचं) आणि क्यूसीचं वजन मी वेगवेगळं करायला लावते, आणि शक्य असेल तर वेगळ्या माणसाकडून.

दुसरी अडचण स्टँडर्डच्या शुद्धतेची. ग्लुकुरोनाइडच्या पावडरीत एक टक्का सुटं पॅरासिटामॉल असेल, तर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वरच्या स्टँडर्डमध्ये ०.५ मायक्रोग्रॅम पॅरासिटामॉल आपोआप शिरतं. तुमची खालची मर्यादा, म्हणजे खात्रीने मोजता येणारी सगळ्यात कमी मात्रा, ०.१ असेल तर हे तिच्या पाचपट झालं. पाचही पदार्थ एका मिश्रणात घालायला हरकत नाही, पण त्याआधी प्रत्येक पदार्थ एकेकटा इंजेक्ट करून उरलेल्या चारही चॅनलमध्ये (त्या त्या पदार्थाच्या वस्तुमानाला लावलेल्या नोंदीत) काय उमटतं ते बघा. कसं बघायचं ते पुढे येतंच.

इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरावीक मात्रेत घालायचा तुलनेचा पदार्थ, म्हणून पॅरासिटामॉलसाठी मी रिंगवर चार ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं डी-४ घेते. मशीनमध्ये त्याचा १५६ वस्तुमानाचा आयन तुटून ११४ चा तुकडा होतो, हेच '१५६ ते ११४' असं लिहितात. ग्लुकुरोनाइड आणि सल्फेटसाठी त्यांचे स्वतःचे डी-३ घ्या, तिथे पैसे वाचवू नका. ग्लुकुरोनाइड कॉलममधून फार लवकर बाहेर पडतं, नेमकं प्लाझ्मातले क्षार बाहेर पडतात त्याच सुमारास. तिथे सिग्नल किती दाबला जाईल ते प्रत्येक माणसाच्या प्लाझ्मावर ठरतं. दोन मिनिटं उशिरा येणारं पॅरासिटामॉल-डी-४ त्या दाबाची भरपाई करू शकत नाही.

ब्लँक प्लाझ्मा

ब्लँक म्हणजे औषध नसलेला प्लाझ्मा. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण पॅरासिटामॉल इतकं घराघरांत आहे की दात्याने 'काही घेतलं नाही' असं सांगितलं तरी सर्दीच्या गोळीत ते होतंच. शिवाय ॲनिलीनसारखा पदार्थ शरीरात शिरला तर त्याचंही पॅरासिटामॉल बनतं. पॅरासिटामॉलचा शोधही त्याच वाटेने नव्याने लागला. १९४८ साली ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड यांनी दाखवलं की ॲसिटॅनिलाइड घेतलेल्या माणसाच्या रक्तात खरं काम करणारा पदार्थ हाच आहे. तर ब्लँक म्हणून आलेली प्रत्येक पिशवी आधी स्वतंत्र चालवा. पॅरासिटामॉलच्या १५२ ते ११० या चॅनलमध्ये खालच्या मर्यादेच्या २० टक्क्यांहून मोठा पीक असेल तर ती पिशवी बाजूला. दुसऱ्या कामासाठी चालेल, या कामाला नाही. किमान सहा वेगवेगळ्या दात्यांचा प्लाझ्मा लागेल, त्याखेरीज एक रक्तपेशी फुटलेला लालसर आणि एक चरबीने दुधाळ झालेला.

नमुना तयार करणं

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या, १५०० ते २००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पटीत) सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवा, प्लाझ्मा उणे ७० किंवा त्याहून थंड ठेवा. रक्त घेतल्याची वेळ मिनिटांसकट लिहा. 'सकाळी' असं लिहिलेली नळी माझ्याकडे आली तर मी ती परत पाठवते.

काढणीची पद्धत निवडताना मी दुसरा विचारच करत नाही: ॲसिटोनायट्राइल टाकून प्रथिनं खाली बसवायची. इथिल ॲसिटेटसारख्या द्रावकाने ओढून काढायची जुनी पद्धत नुसत्या पॅरासिटामॉलला उत्तम आहे, पण ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट पाण्याचेच सोयरे, ते द्रावकात येत नाहीत. तीव्र आम्लाने प्रथिनं बसवायलाही माझा विरोध आहे, कारण सल्फेटचा जोड आम्लात तुटतो, आणि तुटला की त्याचं पॅरासिटामॉलच होतं. मिथेनॉल चालतं, पण ॲसिटोनायट्राइलने फॉस्फोलिपिड (सिग्नल दाबणारे प्लाझ्मातले स्निग्ध पदार्थ) थोडे कमी येतात.

प्लाझ्मा ५० मायक्रोलिटर. त्यात इंटर्नल स्टँडर्ड घातलेलं थंड ॲसिटोनायट्राइल २०० मायक्रोलिटर. ॲसिटोनायट्राइल पडताक्षणी नळीत पांढरे गोळे धरतात. ते गोळे मोडून बारीक, दह्याच्या घुसळणीसारखं एकजीव होईपर्यंत व्हर्टेक्स करा (यंत्रावर जोरात हलवा), साधारण एक मिनिट. गोळे तसेच राहिले तर आत प्लाझ्मा अडकतो आणि रिकव्हरी (पदार्थ किती हाती लागतो ते) नळीगणिक बदलते. मग १२,००० जीवर, ४ अंशांना, दहा मिनिटं. तळाशी चुन्यासारखी घट्ट वडी बसायला हवी. वरचा द्राव नितळ दिसला नाही तर पुन्हा फिरवा.

आता पायरी अशी की नवी मुलं ती हमखास गाळतात. वरच्या द्रावातले ५० मायक्रोलिटर घेऊन त्यात ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाचं पाणी ४५० मायक्रोलिटर घाला. दोन कारणं आहेत. एक, पॅरासिटामॉल इतकं जास्त असतं की पातळ केलं नाही तर डिटेक्टर भरून जातो आणि वरच्या टोकाला रेषा वाकते. ती वाकलेली रेषा वर्गसमीकरणाने झाकायचा मोह होतो, तो आवरा. दोन, ८० टक्के ॲसिटोनायट्राइलमधला नमुना २ टक्के ॲसिटोनायट्राइलने सुरू होणाऱ्या कॉलमवर सोडलात तर ग्लुकुरोनाइडला कॉलम पकडूच शकत नाही. ते त्या द्रावकाबरोबर वाहत जातं आणि पीक दुभंगतो, पुढे एक खांदा निघतो. त्या खांद्यासाठी लोक कॉलम बदलतात, पंप उघडतात. दोष व्हायलमध्ये, म्हणजे नमुन्याच्या बाटलीत, असतो.

या सगळ्यात प्लाझ्मा ५० पट पातळ झाला. सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेट मुळातच पॅरासिटामॉलच्या तुलनेत चिमूटभर असतात, त्यामुळे जुनं मशीन असेल तर ते दोघं दिसेनासे होतील. तसं झालं तर त्या दोघांसाठी कमी पातळ केलेली वेगळी व्हायल करा. एकाच इंजेक्शनमध्ये सगळं बसवायचा हट्ट इथे नडतो.

कॉलम आणि मुख्य मुद्दा

मी १०० बाय २.१ मिलिमीटरचा, शंभर टक्के पाणी सहन करणारा सी-१८ कॉलम वापरते. तापमान ४० अंश, प्रवाह ०.४ मिली प्रति मिनिट. पाण्यात आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल. सुरुवातीचं एक मिनिट २ टक्के ॲसिटोनायट्राइल, पाचव्या मिनिटापर्यंत २५ टक्के, मग ९५ टक्क्यांनी एक मिनिट धुणं आणि दोन मिनिटं पूर्वपदावर येणं. न अडकणारा पदार्थ या कॉलममधून अर्ध्या मिनिटाच्या थोडं नंतर बाहेर पडतो. ग्लुकुरोनाइड त्याच्या स्पष्ट मागे हवं. सुरुवातीचा प्रवाह कचऱ्याकडे वळवत असाल तर व्हॉल्व्ह कधी फिरतो ते तपासा, नाहीतर ग्लुकुरोनाइडच कचऱ्यात जाईल.

मशीनवर बसवायच्या जोड्या: पॅरासिटामॉल १५२ ते ११०, ग्लुकुरोनाइड ३२८ ते १५२, सिस्टीन २७१ ते १४०, मर्कॅप्ट्युरेट ३१३ ते २०८, हे सगळे पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे धन आयन म्हणून. सल्फेट मी निगेटिव्हमध्ये घेते, २३० ते १५०. पॉझिटिव्हमध्येही २३२ ते १५२ मिळतं, पण सोर्समध्येच (रेणूंना विद्युतभार देणाऱ्या भागात) त्याचा इतका चुरा होतो की सिग्नल मार खातो.

आणि हा चुराच या पद्धतीतला खरा चोर आहे. ग्लुकुरोनाइडच्या ३२८ मधून १७६ गेले की १५२ उरतात. सल्फेटच्या २३२ मधून ८० गेले की तेच १५२. ही तूट कोलिजन सेलमध्ये (मुद्दाम तुकडे करायच्या कप्प्यात) व्हावी अशी आपली अपेक्षा असते, पण काही रेणू त्याआधीच, सोर्सच्या उष्णतेत आणि व्होल्टेजमध्ये तुटतात. पहिल्या क्वाड्रुपोलपर्यंत (वस्तुमान निवडणाऱ्या चाळणीपर्यंत) पोहोचतो तो हुबेहूब पॅरासिटामॉलचा आयन, आणि तो पुढे ११० सुद्धा देतो. मशीनला फरक कळण्याचा काही मार्गच नाही. वस्तुमान वेगळं, म्हणून कॉलम छोटा चालेल, दीड मिनिटात सगळं उरकू, हा हिशोब इथे कोसळतो.

आकड्यांत बघा. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट बाहेर पडत नाहीत, साठत जातात. समजा त्याच्या प्लाझ्मात पॅरासिटामॉल १.२ आणि ग्लुकुरोनाइड ६० मायक्रोग्रॅम प्रति मिली आहे. सोर्समध्ये फक्त दोन टक्के ग्लुकुरोनाइड तुटलं आणि दोन्ही पीक एकावर एक असतील, तर मोलच्या हिशोबाने ०.५५ मायक्रोग्रॅमचं खोटं पॅरासिटामॉल मिळतं. १.२ च्या जागी १.७५ छापलं जाईल. सुदृढ स्वयंसेवकाच्या पहिल्या तासाच्या नमुन्यात हा दोष दिसणारही नाही, कारण तिथे पॅरासिटामॉलच जास्त असतं. जिथे उत्तराची किंमत सर्वाधिक, नेमकं तिथेच ते चुकतं.

चाचणी सोपी आहे. ग्लुकुरोनाइडचं वरच्या टोकाचं द्रावण एकटं इंजेक्ट करा आणि १५२ ते ११० चा चॅनल बघा. पीक ग्लुकुरोनाइडच्याच वेळेला आला तर ती सोर्समधली तूट. पॅरासिटामॉलच्या वेळेला आला तर स्टँडर्डमध्ये सुटं पॅरासिटामॉल आहे, किंवा तुमच्या तयारीत जोड तुटतोय. दोन्ही ठिकाणी आला, असंही होतं. मग तेच सल्फेटसाठी करा. मर्कॅप्ट्युरेटही तपासा: ३१३ मधून ४२ गेले तर २७१ उरतात, म्हणजे सिस्टीनच्या जोडाचाच आकडा. सोर्सचं तापमान आणि व्होल्टेज उतरवून तूट कमी होते, शून्य होत नाही. त्यामुळे माझा नियम साधा आहे: पॅरासिटामॉलचा पीक आणि त्याच चॅनलमधले ग्लुकुरोनाइड-सल्फेटचे भुताटकी पीक यांच्यामध्ये बेसलाइन पूर्ण खाली आलेली दिसली पाहिजे. नसेल दिसत तर ग्रेडियंट, म्हणजे ॲसिटोनायट्राइल वाढवत नेण्याचा वेग, संथ करा. वेळ वाचवायची जागा ही नव्हे.

डी-३ इंटर्नल स्टँडर्डही हाच खेळ करतात. ग्लुकुरोनाइड-डी-३ तुटलं की १५५ मिळतात. पॅरासिटामॉलसाठी डी-३ न घेता डी-४ घेण्याचं माझं मुख्य कारण हेच.

व्हॅलिडेशन

पद्धत बरोबर मोजते हे सिद्ध करायला आयसीएच एम-१० ही २०२२ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका हाताशी ठेवा. बहुतेक गोष्टी ओळखीच्या आहेत: शून्य सोडून किमान सहा पातळ्या, क्यूसी १५ टक्क्यांच्या आत, सगळ्यात खालच्या पातळीला २० टक्के. माझी श्रेणी पॅरासिटामॉल आणि ग्लुकुरोनाइडला ०.१ ते ५०, सल्फेटला ०.१ ते २०, सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेटला ०.०२ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली, रेषा बसवताना बिंदूंना द्यायचा भार (वेटिंग) एक भागिले एक्स-वर्ग. ५० च्या वरचे नमुने ब्लँक प्लाझ्माने पातळ करायचे, आणि तसं पातळ केल्यावर आकडा बरोबर येतो हे आधी सिद्ध करायचं.

मार्गदर्शिकेत वेगळा उल्लेख नसलेला एक क्यूसी मी स्वतः वाढवते. त्यात पॅरासिटामॉल खालच्या क्यूसीइतकं, ०.३, पण ग्लुकुरोनाइड ४० आणि सल्फेट १५. नेहमीच्या क्यूसीत पाचही पदार्थ एकत्रच कमी आणि एकत्रच जास्त असतात, त्यामुळे वरचा चोर त्यांच्या हाती कधीच लागत नाही. हा तिरका क्यूसी मात्र कॉलम म्हातारा झाल्याचं इतर सगळ्यांच्या आधी सांगतो. तोच क्यूसी चोवीस तास ऑटोसॅम्पलरमध्ये ठेवून पुन्हा चालवा. पॅरासिटामॉल चढलं असेल तर व्हायलमध्ये जोड तुटतोय.

कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात येणं), मॅट्रिक्स इफेक्ट (प्लाझ्मामुळे सिग्नल बदलणं) वगैरे नेहमीसारखं. सुईला पॅरासिटामॉल फारसं चिकटत नाही.

आकडे देताना

मायक्रोग्रॅममध्ये दिलेला ग्लुकुरोनाइड आणि पॅरासिटामॉल यांचा भागाकार निरर्थक आहे. १० मायक्रोग्रॅम प्रति मिली पॅरासिटामॉल म्हणजे ६६ मायक्रोमोल प्रति लिटर, आणि १० मायक्रोग्रॅम ग्लुकुरोनाइड म्हणजे जेमतेम ३१. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, रेणू निम्म्याहून कमी आहेत. गुणोत्तरं काढायची तर आधी सगळं मोलमध्ये आणा, आणि अहवालात प्रत्येक रकान्यावर एकक लिहा. ग्लुकुरोनाइडचं वजन मिठाचं धरलंय की सुटं, हेही तळाशी एका ओळीत.

यकृताला किती इजा झाली हे कुणी विचारलं तर सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेटचे आकडे तेवढ्याने पुरत नाहीत. तिथे प्रथिनांना चिकटलेलं पॅरासिटामॉल मोजावं लागतं, आणि त्याची तयारी निराळी आहे. आधी प्लाझ्मा डायलिसिसने किंवा जेल कॉलमने सुट्या लहान रेणूंपासून पूर्ण स्वच्छ करायचा, मग प्रथिनं प्रोटीएजने (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने) पचवायची, आणि बाहेर पडलेला सिस्टीनचा जोड २७१ ते १४० वरच मोजायचा. स्वच्छतेची पायरी कच्ची राहिली तर सुटा सिस्टीनचा जोड त्यातच मिसळून जातो. म्हणून पचवण्याआधीच्या द्रावाचा एक भाग प्रोटीएज न घालता तसाच चालवा. तिथे पीक दिसला तर नमुना पुन्हा डायलिसिसला.